प्राजक्ता मॅडमची बिनप्लॅस्टिकची कॉफी

चंद्रपूरचं पाणी ज्यांनी घरी उकळलंय त्यांना माहीत आहे, काही दिवसांत भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. तो कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. रोजचं उकळणं चालू राहतं आणि थर आपोआप जाड होत जातो. आमच्या लॅबमधले किस्से असेच साचलेत. त्यातले बरेचसे कॉफीचे आहेत, आणि खरं सांगायचं तर कॉफीपेक्षा माझ्या जळण्याचे जास्त आहेत. लपवून काय फायदा? सगळ्या ऊर्जानगर वसाहतीला माहीत आहे!

लॅब म्हणजे वीज केंद्रातली, पाणी तपासणारी. बॉयलरचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, राखेच्या बंधाऱ्याचं पाणी. दिवसभर आम्ही पाणीच बघतो. साहेब म्हणजे खोब्रागडे सर, शांत माणूस. टेक्निशियन निमगडे भाऊ, सिंदेवाहीकडचे, मनात आलं की तोंडातून बाहेर. आणि मी वर्षा, केमिस्ट. माझं माहेर सिरोंच्याचं. तिकडे शेजारपाजार तेलुगू, त्यामुळे घरात चहापेक्षा कॉफीचीच सवय.

माझ्या भावानं मला हैदराबादहून कॉफीचं मशीन पाठवलं होतं. पांढरंशुभ्र! वरून पाणी ओतायचं, बटण दाबायचं, खाली थेंब थेंब कॉफी. ते मी लॅबशेजारच्या बसायच्या खोलीत ठेवलं होतं, आणि या चहाच्या गावात त्याचा काय मान होता, विचारू नका. टर्बाइनवाले यायचे, स्टोअरवाले यायचे. "वर्षाताई, आहे का?" म्हणून कोणीतरी दारातून डोकवायचं, आणि मला वाटायचं, अख्खं केंद्र आपल्याच कॉफीवर चालू आहे.

मग प्राजक्ता मॅडम बदलून आल्या.

*

मॅडम साताऱ्याच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलणं गोड, साडीची घडी मोडत नाही अशा. पहिल्याच दिवशी मी मोठ्या मनानं कॉफी केली आणि कप पुढे धरला. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "थँक्यू वर्षाताई, पण मी प्लॅस्टिकमधून गरम काही घेत नाही."

"कप चिनीमातीचा आहे," मी म्हटलं.

"कप नाही हो, मशीन. पाण्याची टाकी प्लॅस्टिकची, आतली नळी प्लॅस्टिकची, पूड टाकायची टोपली प्लॅस्टिकची. कडकडीत पाणी सगळीकडून फिरून येतं ना. थंड पाण्याचं एक वेळ चालेल, पण उकळतं पाणी आणि प्लॅस्टिक, मला नको वाटतं."

हे सगळं इतक्या नम्रपणे, की भांडताही येईना!

मग त्यांनी पिशवी उघडली. काचेचं नरसाळं निघालं. बारीक जाळीचा स्टीलचा फिल्टर निघाला. लांब चोचीची स्टीलची किटली निघाली. हातानं फिरवायचं, लाकडी मुठीचं ग्राइंडर निघालं. सगळं टेबलावर ओळीनं मांडलं. निमगडे भाऊ हात मागं बांधून जवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन करून राह्यल्या का?"

खोलीत असा वास सुटला की स्टोअरवाले न बोलावता आले. मॅडमनं पहिला कप निमगडे भाऊंना दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. मी वाट बघत होते. माणूस माझा, इतक्या वर्षांचा.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले. "वर्षाताई, मंग आतापर्यंत आपण काय पिऊन राह्यलो होतो?"

*

आठवड्याभरात माझ्या मशीनसमोर फक्त मीच. टर्बाइनवाले आता दारातून "प्राजक्ता मॅडम, आहे का?" विचारायचे. आधी मला विचारायचे तोच सूर! निदान सूर तरी बदलायचा!

मी ठरवलं, यांना त्यांच्याच विषयात गाठायचं. एकदा सगळे कप हातात घेऊन बसले असताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, काचेतून सिलिका पाण्यात उतरते हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून तर बॉयलरच्या पाण्याचे नमुने आपण काचेत घेत नाही. प्लॅस्टिकच्याच बाटलीत घेतो. मग तुमच्या काचेच्या नरसाळ्याचं काय?"

सगळे मॅडमकडे बघायला लागले. खोब्रागडे सरांनीसुद्धा चष्म्यावरून पाहिलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मॅडमनं मान डोलावली. "अगदी बरोबर आहे ताई. सिलिका टर्बाइनच्या पात्यांवर बसते, म्हणून आपण एवढं जपतो." आणि कप ओठाला लावत म्हणाल्या, "पण माझ्या पोटात टर्बाइन नाही ना!"

सर कधी मोठ्यानं हसत नाहीत. त्या दिवशी हसले.

*

सर कॉफीवाले नाहीत, चहावाले. गेटसमोर राजूचा ठेला आहे, तिथं रोज उभ्यानं कागदी कपातला चहा. मॅडम त्यांना एकदा म्हणाल्या, "सर, त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. नाहीतर कागद चहात विरघळला नसता का?"

"कागद म्हणजे कागद," सर म्हणाले.

निमगडे भाऊंना असं अर्धवट सोडवत नाही. त्यांनी राजूकडून कोरा कप आणला, सकाळी पाण्यात भिजत घातला, आणि जेवणानंतर चिमट्यानं कागद सोलायला बसले. कागदाचा लगदा खाली गळाला आणि चिमट्यात राहिला कपाच्या आकाराचा एक पारदर्शक पापुद्रा. उजेडात धरला तर सापाच्या कातीसारखा! सर बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी राजूला सांगितलं, "उद्यापासून मला यात चहा नको, वेगळा गिलास ठेव."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ठेल्यावर गेलो. राजूनं फळीच्या टोकाला खिळा ठोकून एक नवाकोरा स्टीलचा गिलास टांगला होता. मोठ्या कौतुकानं तो काढून, विसळून, चहा भरून त्यानं सरांच्या हातात दिला. "घ्या सर. हा तुमचा येगळा गिलास. याच्यात दुसऱ्या कोणाले देत नाई मी!"

सरांनी गिलास हातात धरला आणि तसेच उभे राहिले. पिईनात.

"काऊन सर? साखर जास्त झाली का?" राजूनं विचारलं.

"राजू, आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर अशीच एक कपबशी टांगलेली राहायची," सर म्हणाले. "आमच्या लोकांसाठी. छप्पनच्या, धर्मांतराच्या आधीची गोष्ट. माझ्या आजोबांनी त्या कपाला कधी हात लावला नाही. पुढं सगळं बदललं तरी त्या हॉटेलात ते शेवटपर्यंत गेले नाहीत. आणि आज मी स्वतःच्या तोंडानं वेगळा गिलास मागवला!"

राजूचा चेहरा उतरला. "सर, माह्या मनात तसं काही..."

"तुझं काहीच चुकलं नाही रे. पण असं कर, एक तर सगळ्यांना स्टीलमध्ये दे, नाहीतर मलाही कागदातच दे."

महिनाभरात राजूच्या फळीवर स्टीलच्या गिलासांची रांग लागली. ट्रकवाले, कंत्राटी मजूर, इंजिनिअर, सगळ्यांना एकसारखे गिलास. जो तो थांबून विचारायचा, "हे कोणी सुरू केलं?" आणि राजू सांगायचा, "त्या साताऱ्याच्या मॅडम आहेत ना, त्यायच्यामुळं!"

आजोबा सरांचे, शब्द सरांचा, कप सोलला निमगडे भाऊंनी, आणि नाव कोणाचं?

*

आमचे हे कोळसा विभागात आहेत. एकदा कामानिमित्त लॅबमध्ये आले. मी नव्हते. मॅडमनं कॉफी पाजली.

संध्याकाळी घरी बूट काढता काढता हे म्हणाले, "त्यांच्या कॉफीला तो वास येत नाही, नाही का?"

"कोणता वास?"

"अगं, तो आपला नेहमीचा. नवीन बादलीसारखा."

मी उठून स्वयंपाकाला लागले. रात्रीच्या वांग्याच्या भाजीत मीठ घालायचं राहून गेलं, म्हणजे घातलंच नाही. ह्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत ताटाकडे पाहिलं. मग दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि म्हणाले, "आज झकास झाली आहे!"

*

शेवटी मीही प्लॅस्टिक सोडायचं ठरवलं. मॅडमचं ऐकून नाही हं! माझं मलाच पटलं म्हणून. पण त्यांच्यासारखं नरसाळं विकत आणलं तर सगळे म्हणणार, वर्षाताईनं नक्कल केली. मग मला सुचलं, लॅबच्या स्टोअरमध्ये काचेची नरसाळी खोक्यात पडून आहेत. कधी न वापरलेली. काचेचा चंबू आहे, गाळायचा कागद आहे. आणखी काय लागतं?

लॅबच्या भांड्यात खाणंपिणं करायचं नाही, हा सरांचा कडक नियम. म्हणून सर मीटिंगला गेले तो दुपारचा मुहूर्त साधला. सगळं नवं, स्वच्छ धुतलेलं. पण लॅबचा तो कागद म्हणजे इतका बारीक की कॉफी उतरता उतरेना. थेंब पडतोय, मी बघतेय. तेवढ्यात मला पलीकडच्या खोलीत फोन आला. मी गेले. बोलणं लांबलं.

परत येते तर लॅबचा फोन खणखणतोय. पलीकडून राख विभागाचा माणूस घाबराघुबरा. "मॅडम, बंधाऱ्याच्या पाण्याचा पीएच पाच? रंग तपकिरी? कुठून काय मिसळलं? आम्ही माणसं धाडून राह्यलो!"

राखेचं पाणी असं कधी येतच नाही. मी टेबलाकडे पाहिलं. चंबू अर्धा रिकामा! शेजारी निमगडे भाऊ काचेची नळी धूत होते.

"भाऊ! त्या चंबूतलं तपासलं का तुम्ही?"

"हो. राखेचा सँपल येणार होता ना, मले वाटलं तोच. रंग पाहूनच मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे." मग हळूच म्हणाले, "पण ताई, राखेच्या मानानं वास चांगला होता!"

काय सांगू फोनवर? तेवढ्यात प्राजक्ता मॅडमनं माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "माणसं पाठवू नका. नमुना आम्ही पुन्हा घेतोय. आधीचा दूषित होता."

मला वाचवलं, कबूल आहे. सरांपर्यंत गोष्ट जाऊ दिली नाही, तेही कबूल. पण दूषित? माझ्या कॉफीला दूषित म्हणाल्या, आणि मलाच वर "थँक्यू मॅडम" म्हणावं लागलं!

*

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे मिळून मोहर्लीला जंगल सफारीला गेलो. मी पहाटे उठून थर्मास भरून कॉफी नेली. स्टीलचा थर्मास, पितळी चाळणीत फडकं घालून गाळलेली कॉफी, कुठं बोट ठेवायला जागा नाही! आज सगळ्यांना माझीच कॉफी.

गेटवर वनरक्षक बाईनं पिशव्या तपासल्या. माझ्या पिशवीतून निघाली प्लॅस्टिकच्या कपांची लांबलचक चळत. कॉफीचं सगळं सांभाळलं आणि कप विसरले!

"ताई, हे आत नाही नेता येत. इथंच ठेवा," ती म्हणाली. मॅडमच्या पिशवीतून निघाले स्टीलचे पेले, सगळ्यांना पुरतील एवढे. आणि अर्थातच स्टीलचा थर्मास, भरलेला.

मधल्या थांब्यावर जिथं खाली उतरू देतात, तिथं सगळे उतरले. पेले मॅडमचे, म्हणून आधी त्यांचीच कॉफी. मॅडमनं मला दोनदा हाक मारली. "वर्षाताई, तुमचीही उघडूया ना!" मी म्हटलं, "मला थंडी वाजते आहे," आणि जिप्सीतच सगळ्यांकडे पाठ करून बसले. मागं हसणं चाललं होतं, पेल्यांचा आवाज येत होता, आणि मी समोरच्या रिकाम्या वाटेकडे बघत होते.

आणि त्या वाटेवर वाघ आला.

बांबूतून निघाला, वाटेच्या मधोमध थांबला, माझ्याकडे पाहिलं. माझा आवाजच फुटेना. तो निवांत चालत पलीकडच्या झाडीत गेला तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "वाघ!"

सगळे धावले. पेले हिंदकळले. वाट रिकामी. गाईड जाऊन पाहून आला, जमीन मुरमाड, पंज्याचा ठसा नाही. फोन गेटवर जमा, म्हणून फोटो नाही. मी शपथा घेतल्या. सर म्हणाले, "असेल, असेल." हेसुद्धा म्हणाले, "असेल." कोणाचाच विश्वास बसलेला नव्हता.

निमगडे भाऊंनी उरलेली कॉफी संपवली, पेला झटकला आणि म्हणाले, "ताई, इतकं जळू नये माणसानं. डोळ्यासमोर पट्टे दिसून राह्यले तुम्हाले!"

*

उन्हाळा लागायच्या आधी मॅडमच्या आई साताऱ्याहून आल्या. मॅडमचे वडील मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून काकू घरात गप्प बसून असायच्या, जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, म्हणून मॅडम त्यांना इकडे घेऊन आल्या होत्या. त्यांचं क्वार्टर आमच्या वरच्या मजल्यावर.

मॅडम आईला किती जपायच्या! दुधाची पिशवी घरात आली की लगेच काचेच्या बरणीत. लोणचं बरणीत, पाणी माठात, तांब्यात. आणि सकाळी स्वतःच्या हातानं दळून ती काचेतली कॉफी. काळी, बिनसाखरेची.

माझी तेव्हा सकाळची शिफ्ट होती, दुपारी मी घरी असायची. एका दुपारी दार वाजलं. काकू उभ्या. पदर सावरत हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे साधी कॉफी मिळेल का हो? दुधाची? साखर घालून? आमची प्राजू म्हणते, आई, नुसती चव घेऊन बघ. चव घेऊन घेऊन माझी जीभ कडू झाली बघा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांची सख्खी आई, माझ्या दारात, माझ्या कॉफीसाठी! मी गंज, म्हणजे आमचं पातेलं, भरून दूध उकळलं, त्यातच पूड टाकली, साखर सढळ हातानं. काकूंनी बशीत ओतून फुंकर मारत प्यायली आणि बशी पुढे केली. "अजून थोडी."

मग रोजच. दुपार झाली की काकू यायच्या. आधी नुसत्या बसायच्या. मग बोलायला लागल्या. प्राजू लहानपणी मातीच्या चुलीवर खोटी खोटी कॉफी करून सगळ्या आळीला कशी पाजायची, काकांनी, म्हणजे प्राजूच्या वडिलांनी, एकदा ती खरोखरची समजून गाळासकट कशी पिऊन टाकली. सांगता सांगता काकू हसायला लागल्या आणि त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मीही हसत होते.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात प्राजक्ता मॅडम. लवकर सुटल्या होत्या. पण त्यांची बॅग खाली पायरीवर टेकवलेली होती, म्हणजे आताच आल्या नव्हत्या.

"आत कोण हसतंय?" त्यांनी विचारलं.

"काकू," मी म्हटलं.

"आई?"

त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. वर्षभर मी तेच तोंड घेऊन लॅबमध्ये फिरत होते.

"इथं आल्यापासून माझ्याकडे एकदाही हसली नाही हो," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

त्या आत आल्या. काकूंनी झटकन बशी पदराआड धरली, चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखी. मॅडम आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. काकांच्या गाळाची गोष्ट अर्धीच राहिली होती. मॅडम म्हणाल्या, "पुढं सांग ना आई." काकूंनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि हळूहळू पुन्हा सांगायला लागल्या.

मी ओट्याशी गेले. गंजातली कॉफी उतू यायला आली होती. कप मांडले. आणि हात थांबला. माझ्या हातातली रोजची गाळणी प्लॅस्टिकची. हिरवी, वापरून वापरून काळपट पडलेली, एका बाजूनं वितळलेली.

"मॅडम," मी म्हटलं, "माझी गाळणी प्लॅस्टिकची आहे."

मॅडमनं गाळणीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. उठल्या, मांडलेल्यातला एक कप उचलून माझ्यापुढे धरला.

"ओता," त्या म्हणाल्या.